काल गेल्तो, काल जातो

५ जानेवारी, रविवार

पाववाल्या बहिणी पाहिला. खरं नाव लांबलचक आहे, लिहीत नाही. बर्फातलं गाव, दोघी बहिणी एकाच भट्टीवर पाव भाजतात आणि अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. यंदाचा बाहुला ह्यालाच मिळणार म्हणतात. (बाहुला म्हणजे तिकडचं ते सोनेरी पारितोषिक. नाव ह्यांनी ठेवलेलं. ‘कोणाले भेटला मग बाहुला?’ असं दर मार्चला विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत पेपर उघडायचे.)

थोरली बहीण अप्रतिम. नुसती पाठ करून उभी राहते आणि राग दिसतो. पण दिग्दर्शकाचा जीव माणसांपेक्षा बर्फात जास्त. दर दहा मिनिटांनी बर्फ. आणि दोन तासांत एकदाही कोणी भांडी घासत नाही. एवढे पाव भाजतात, परातींचं काय होतं? मी असले प्रश्न विचारते म्हणून माझी लेक रेवा हसते. हसू दे. ज्या घरात भांडी घासली जात नाहीत त्या घरातलं दुःख मला खरं वाटत नाही.

इथे रायपुरात, तेलीबांध्याच्या मॉलमध्ये, हॉल २. तिकीट काढताना आधी हॉलचा नंबर विचारते. खिडकीवरची पोरगी ओळखते आता. ‘तीन नहीं है आंटी, दो है,’ स्वतःहून सांगते.

८ जानेवारी, बुधवार

ऊन छान होतं. लोकरीचे कपडे गच्चीवर टाकले. ह्यांचा राखाडी स्वेटर अजून देऊन टाकलेला नाही, तोही टाकला. रेवाचा हैदराबादहून फोन. मी मराठीत, ती हिंदीत, नेहमीप्रमाणे. ‘आई, अकेले मत जाया करो पिक्चर।’ म्हटलं, मग कोणासोबत जाऊ? तिने विषय बदलला.

१२ जानेवारी, रविवार

न्यायाधीशाचा पिक्चर फक्त तीन नंबरात लागला होता. पोरीने पडलेल्या तोंडाने सांगितलं. परत फिरले होते, मग स्वतःचाच राग आला. सहा वर्षं एका हॉलला घाबरायचं म्हणजे काय. गेले.

पिक्चरबद्दल आधी. म्हातारा न्यायाधीश, जुना चुकीचा निकाल, खोलीभर पुरुष, सगळे मोठमोठी वाक्यं बोलतात. कोणी जेवत नाही. बाई एकच, ती कॉफी देते आणि जाते. समीक्षक म्हणतात, थोर. मी म्हणते, लांब. पण एक जागा आहे: तो निकालपत्र पुन्हा वाचायला घेतो आणि चष्मा सापडत नाही. तेवढं आवडलं. ह्या एका चष्म्यासाठी बाहुला दिला तरी चालेल.

त्याच जागी कानाशी ‘हा कोण व्हय?’ ऐकू आलं. ह्यांची सवय. पात्र तीनदा येऊन गेलं तरी विचारणार. मी वळून सांगितलं, ‘अहो, तो त्याचा जुना कारकून.’ शेजारच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. घाबरून बघत राहिली. मी सॉरी म्हटलं. मध्यंतरात ती जागा बदलून गेली.

आता लिहूनच टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

सहा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतला गुरुवार. समुद्राचा पिक्चर, तीन नंबर हॉल, सव्वासहाचा शेवटचा खेळ. शुक्रवारी उतरणार होता. ह्यांची छाती आठवडाभर भरून येत होती. अॅसिडिटी म्हणायचे, सोडा घ्यायचे. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, डॉक्टरांना दाखवा म्हणून मी मागे लागले होते. ते संध्याकाळी सहा ते आठ बसत. आणि तरी गुरुवारी मीच म्हटलं, चला, आज नाही पाहिला तर गेला. आले. माझ्या सोबत यायला ह्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

पिक्चरमध्ये वादळ सुरू झालं तेव्हा हे छाती चोळताना दिसले. मी विचारलं, डॉक्टरांकडे गेला होतात का? हे म्हणाले, ‘काल,’ आणि पुढे काहीतरी. पुढचं समुद्राच्या आवाजात गेलं. शेवटचा ‘तो’ तेवढा ऐकू आला. काल गेल्तो. म्हणजे बुधवारी दाखवून आले. बुधवारी उरला भागातल्या मिलमधून दीड तास उशिरा आले होते, वाटेत भनपुरीला ट्रक आडवा पडला म्हणाले होते. मला वाटलं, डॉक्टरांकडे गेले आणि काळजी नको म्हणून लपवलं. निश्चिंत झाले. पिक्चर बघितला.

शुक्रवारी सकाळी साडेसातला खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चहा अर्धा होता.

डॉक्टरांची चिठ्ठी घरात कुठेच सापडली नाही. औषधही नाही. पण ‘काल’ मी ह्या कानांनी ऐकलं आहे. त्यावर सहा वर्षं उभी आहे मी.

१४ जानेवारी, मंगळवार

बेबीने तिळाचे लाडू पाठवले. बेबी म्हणजे धाकटी नणंद, बावन्न वर्षांची बेबी. लाडू दगड. खाल्ले.

१८ जानेवारी, शनिवार

ओट्याशी उभ्यानेच लिहितेय. अक्षर वाईट येईल.

सकाळी बेबीचा फोन. ‘वहिनी, तो नळाचा पिक्चर लागला न, आपल्याइकडं शूटिंग झालेला. काल जाऊ न आपण. मले सुट्टी हाय.’

मी सवयीने म्हटलं, ‘काल कशी जाशील ग? उद्या म्हण.’

‘हव, तेच. काल. कल वो. समजून घे न.’ आणि हसली.

फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलं नाही.

ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हा पहिला आठवडा मला हेच कळत नव्हतं. सासरे सांगायचे, ‘काल पाहुणे येतात,’ आणि मी विचारायची, कोणी वाढलं त्यांना? पिढ्यान् पिढ्या रायपुरात राहून ह्यांच्या मराठीत हिंदीचा कल शिरून बसला होता. गेला तो दिवसही काल, येणारा तोही काल. मी वर्ध्याची, शाळेतली मास्तरीण. तीस वर्षं टोकलं. ह्यांना टोकून टोकून ‘उद्या’ म्हणायला लावलं. लावलं असं मला वाटत होतं.

काल गेल्तो. काल जातो. दोन्हीच्या शेवटी तो.

१९ जानेवारी, रविवार

नळाचा पिक्चर. बेबीसोबत, हॉल १.

आधी मत: चीड आली. भाऊ-भाऊ, वाटणी, अंगणातला एक नळ कोणाचा. विषय चांगला, इकडचे पुरस्कार मिळतीलही. पण गावातला दर माणूस दर वाक्याला ‘हव’ म्हणतो. चहा घेणार? हव. आई वारली? हव. मुंबईच्या मंडळींना एकच शब्द सापडला आणि तो त्यांनी पोतंभर वापरला. हॉलमधले लोक नको तिथे हसत होते. नायिका विहिरीवर पाणी भरते ते नवीन चकचकीत हंड्यात. धाकट्या भावाचं काम करणारा मात्र खरा. रागावला की त्याचं नाक लाल होतं, हे कोणी शिकवून येत नाही.

हे असते तर म्हणाले असते, ‘माणसं चांगली होती बिचारी.’ कुठलाही पिक्चर असो, ह्यांचं परीक्षण एवढंच. खुनाच्या पिक्चरलाही.

बाहेर पडल्यावर तळ्याकाठी बसलो. बेबीला विचारलं, तुझा दादा उद्याला काय म्हणायचा? सहज विचारल्यासारखं.

‘आमच्या घरी तं सगळे कालच म्हणत. दादाबी. तुझ्यापुढं सांभाळून बोले तो. मले म्हणे, मास्तरीणबाई घरात हाय, जपून बोल.’

‘माझ्यापुढे कधीच चुकत नव्हता?’

‘थकला की चुके. कोणबी चुकते, वहिनी. काहून विचारून राहिली?’

सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला सांगितलं.  बेबीने माझी पर्स उघडून स्वतःच रुमाल काढला आणि स्वतःचेच डोळे पुसले.

२१ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर आता मुलाकडे इंदूरला असतात. दवाखाना बंद करून तीन वर्षं झाली. केमिस्टकडून नंबर मिळवून फोन केला. किती प्रेमाने बोलले. नाव सांगताच ओळखलं, ‘उरला की मिल वाले, ज़ोर से बोलने वाले।’ पण तो बुधवार? ‘भाभीजी, वो तो आते-जाते नमस्ते करके भी निकल जाते थे। किस दिन दिखाया, नहीं दिखाया, अब कैसे बताऊँ? झूठ बोल दूँ तो आपको चैन आएगा?’

म्हटलं, नको.

२६ जानेवारी, रविवार

पिक्चरला गेले नाही. आजूबाजूच्या शाळांची गाणी ऐकत पडून राहिले.

एक गोष्ट मी आजवर इथे लिहिलेली नाही. त्या शुक्रवारची सुट्टी ह्यांनी आधीच टाकून ठेवली होती. मिलमधले मित्र तेराव्याला बोलता बोलता म्हणाले. मी तेव्हा स्वतःला समजावलं, थकले असतील, झोपायचं असेल. पण सकाळीही बसायचे डॉक्टर, दहा ते एक. काल जातो म्हणजे उद्या, शुक्रवारी, सुट्टी काढून जातो. असंही बसतं. आणि बुधवारचा उशीर? भनपुरीला खरंच ट्रक आडवा पडला असेल. तिथे पडतातच.

तसं असेल तर गुरुवारी संध्याकाळी ते डॉक्टरसमोर बसायच्या ऐवजी माझ्या शेजारी बसले होते. मला समुद्र बघायचा होता म्हणून.

एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. गेल्तो की जातो.

२ फेब्रुवारी, रविवार

म्हाताऱ्यांचा पोहण्याचा पिक्चर, हॉल ४. परदेशी भाषा, खाली इंग्रजी अक्षरं, ती इतकी भराभर पळतात की मी अर्धा पिक्चर वाचला आणि अर्धा बघितला. सात म्हातारे रोज पहाटे थंड तलावात उतरतात, एकेक कमी होत जातो. यंदाच्या सगळ्यांत मला हा वर. कोणी भाषण देत नाही. शेवटचा उरलेला म्हातारा सगळ्यांचे टॉवेल धुऊन वाळत घालतो. बघा, धुतले! ह्याला बाहुला मिळणार नाही, कारण ह्यात कोणी मोठ्याने रडत नाही.

बेबी सोबत होती. हल्ली येते, मला एकटी सोडायची नाही असं तिचं आणि रेवाचं ठरलेलं दिसतं. परतताना ऑटोत अचानक म्हणाली, ‘वहिनी, एक सांगू? रागावू नको. दादाचा आवाज समुद्रात बुडाला म्हणते तू. मले पटून नाही राहिलं. उरल्याच्या मिलमधी तीस वर्षं बोलला तो मशिनींवरून. घरात मीठ मागे तं पार तिकडं बूढापाऱ्यात ऐकू जाये.’

खरं आहे. रोलिंग मिलने ह्यांचे कान अर्धे नेले होते आणि आवाज दुप्पट केला होता. पिक्चरमध्ये ह्यांना ‘हळू’ म्हणायचा मला कंटाळा आला होता. पुढच्या रांगेतल्या माना वळायच्या.

पण त्या वादळाचा आवाज होताच. मला तो आजही ऐकू येतो. सूं असा, लाट फुटून वाळूवरून मागे सरकते तसा. त्याच्याखाली तो शब्द गेला. आणि त्या वर्षी त्या पिक्चरला बाहुला मिळाला तो आवाजासाठीच. उगाच देतात का? मी बेबीला हे ठासून सांगितलं. ती ‘हव’ म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार

सर्दी. गेले नाही. रेवाने मोबाईलवर कुठलासा पिक्चर पाठवला, उजेडात धुणं वाळत असताना तो कसा बघायचा? बंद केला.

दुपारभर एकटीने बोलून बघितलं. काल गेल्तो. काल जातो. तोंडाला पदर लावून, लांबून, हळू, जोरात. कामवाली दारात येऊन उभी होती. काय झालं विचारत होती, ‘का होगे दीदी?’ म्हटलं, कविता पाठ करतेय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॉलवाल्यांनी जाहिरात दिली आहे. पारितोषिकांच्या आठवड्यात मागच्या वर्षांतले बाहुलेवाले पिक्चर पुन्हा दाखवणार, रोज एक. शनिवार, एक मार्च, दुपारी दोनला: समुद्र.

पेपर घडी करून उशीखाली ठेवला. नंतर काढला, पुन्हा वाचला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रेवाला बेबीकडून सगळं कळलंय, म्हणते जाऊ नका. ‘आई, क्या फ़र्क पड़ता है अब? बाबा तो…’ वाक्य पुरं करत नाही ती कधी. मी म्हटलं, फरक पडतो. गेले असतील डॉक्टरांकडे तर डॉक्टरांना कळलं नाही. गेले नसतील तर मला कळलं नाही. तिला हे मराठीत नीट समजलं की नाही, माहीत नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ‘फुआ को साथ ले जाना।’ फुआ म्हणजे आत्या, बेबी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज तारीख. सकाळी साडेसातला त्या खुर्चीसमोर उभी राहिले. काही झालं नाही. खुर्ची होती.

फोटोला मोगऱ्याचा हार मिळाला नाही, शेवंतीचा घातला. बेबीने पुरणाचं केलं. जेवताना म्हणाली, ‘दादा पुरण खाऊन पिक्चर पाहाये तं अर्ध्या तासात घोरे.’ हसलो दोघी. मग ती भांडी घासत होती आणि मी पुसत होते, तेव्हा मी तिला एक काम सांगितलं. एक तारखेला त्या वादळात, ह्यांच्या जागी बसून, ह्यांच्यासारखं बोल. एकदा गेल्तो म्हण, एकदा जातो म्हण. कुठलं कधी ते आधी सांगू नको. मला किती ऐकू येतं बघू.

‘लोक मारतील आपल्याले.’

‘मारू दे.’

‘वहिनी, तू पागल होऊन राहिली.’ पण नाही म्हणाली नाही.

१ मार्च, शनिवार

जाऊन आलो. आज लिहिता येणार नाही.

२ मार्च, रविवार

लिहिते.

हॉल ३, मधली रांग, त्याच दोन खुर्च्या मागून घेतल्या. हॉल निम्मा भरलेला, बहुतेक कॉलेजची मुलं. ह्यांच्या खुर्चीत बेबी.

पिक्चर मला वाटला होता तसा नाहीच. मी सहा वर्षं त्याच्यावर राग धरला होता, आणि तो साधा, जीव लावून केलेला पिक्चर आहे. बेटावरची बाई, तिचा नवरा दिव्याच्या मनोऱ्यावर नोकरीला, त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी बहिरी. घर भांड्यांनी, जाळ्यांनी, ओल्या कपड्यांनी भरलेलं. ही बाई भांडी घासते. हे मला आठवतच नव्हतं.

वादळ तासाभराने येतं. मला माहीत होतं ते येणार. बेबीच्या दंडाला हात लावला, तयार राहा म्हणून. आभाळ काळं झालं, बोट वर उचलली गेली, ती प्रचंड लाट पडदाभर उभी राहिली.

आणि आवाज बंद झाला.

मशीन बिघडलं असं वाटलं. बिघडलं नव्हतं. ते वादळ त्या बहिऱ्या मुलीच्या बाजूने दाखवलं आहे. ती खिडकीला नाक लावून उभी आहे आणि समोर समुद्र फुटतो आहे, पूर्ण मुका. तीनेक मिनिटं. एकही आवाज नाही. बाहुला मिळाला तो ह्यासाठी, आता कळलं. हॉलमध्ये कोणी वेफर्सची पुडीसुद्धा हलवत नव्हतं. 

बेबी बिचारी शब्दाला जागली. तिने सगळं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ह्यांच्या आवाजात म्हणाली, ‘काल…’

पुढच्या रांगेतला एक मुलगा वळला आणि त्याने ओठांवर बोट ठेवून केलं, ‘श्श्श.’

बेबी पुढे काय म्हणाली मला ऐकू आलं नाही. शेवटचा ‘तो’ आला.

तोच आवाज. सूं असा, मागे सरकत जाणारा. ज्याला मी सहा वर्षं लाट समजत होते.

मग सगळं आलं, कोणी दार उघडून आत ढकलल्यासारखं. ती शांतता, ह्यांचा तो मोठा आवाज, ‘काल’ म्हटल्याबरोबर पुढच्या तीन माना वळल्या होत्या, आणि माझं तोंड लाजेने गरम झालं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलंही नाही. पडद्यावरून नजर न काढता, वर्गातल्या पोरांना करायची तसं केलं होतं. श्श्श. त्याच्याखाली तो शब्द गेला. हे गप्प झाले. पुढे काही बोललेच नाहीत, घरी पोहोचेपर्यंत. मला वाटलं, पिक्चर आवडला.

प्रश्न मीच विचारला होता. उत्तर चालू असताना मीच गप्प केलं.

मी उठले नाही. पिक्चर संपेपर्यंत दोघी बसलो होतो. दिवे लागल्यावर बेबीने विचारलं, ‘कोणतं म्हटलं मी, ओळखलं काय?’ मी मान हलवली. ती सांगायला लागली तर मी म्हटलं, नको सांगू.

ऑटोत तिने माझा हात धरून ठेवला होता. भरल्या रस्त्यात रडले मी, लोक बघत होते. 

३ मार्च, सोमवार

सकाळी बाहुले वाटले. पाववाल्या बहिणींना मोठा मिळाला. थोरलीला मिळाला नाही, जिने सगळा पिक्चर ओढला ती तशीच राहिली, धाकटीला मिळाला. न्यायाधीशाला पटकथेचा. पोहणाऱ्या म्हाताऱ्यांना काही नाही, मी म्हटलंच होतं. वर्षभर ज्याची वाट बघते ते दहा मिनिटांत वाचून झालं.

रेवाचा फोन अकराला. कधी नव्हे ती घाईत नव्हती. ‘आई, गई थीं? आवाज़ था क्या?’

मी म्हटलं, होता. खूप होता.

तिने श्वास सोडलेला ऐकू आला. ‘देखो, फिर आपकी क्या गलती। तूफ़ान में किसको सुनाई देता है।’ आणि मग, किती वर्षांनी कोण जाणे, मराठीत म्हणाली, ‘जेवून घे, आई.’

फोन ठेवून बसले आहे. बेबी पाच वाजता येणार आहे, साबुदाणा भिजवून ठेव म्हणाली. ती माझ्या शेजारीच होती, तिला सगळं माहीत आहे. रेवा तिला फोन करणारच, आज नाही तर उद्या. सांगू नकोस असं मी बेबीला म्हटलेलं नाही. म्हणावं की नाही ते अजून ठरत नाही. साबुदाणा भिजवला आहे.